कोंबडी शिंपला कधी खाते?

शाळेतून विज्ञान प्रकल्पाची सूचना आली की घराघरांत थर्माकोल, रंग आणि बॅटरीवरचे दिवे यांची यादी सुरू होते. ज्या घराच्या परसात चार-सहा कोंबड्या आहेत, त्या घरानं बाजाराची पिशवी उचलण्याआधी एकदा खुराड्यापाशी जाऊन बसावं. कोंबडी दिवसभर निवड करत असते. हा दाणा उचलायचा, तो टाकायचा. इथे उकरायचं, तिथे नाही. शिवाय ती अंडं घालते, म्हणजे तिच्या शरीरात काय चाललंय याचा मोजता येण्याजोगा पुरावा आपल्या हातात ठेवते. पाचवी ते नववीच्या मुलामुलींसाठी इतका मोकळेपणानं उत्तर देणारा विषय मला तरी दुसरा माहीत नाही.

पण ‘कोंबडी’ हा विषय झाला, प्रकल्प नव्हे. प्रकल्पाला प्रश्न लागतो. ‘कुक्कुटपालनाचे महत्त्व’ या मथळ्याखाली जातींची चित्रं चिकटवलेले तक्ते प्रदर्शनांत नेहमी दिसतात. त्यांत मुलांची मेहनत असते, मात्र मुलांनी स्वतः शोधलेलं काही नसतं. प्रश्न असा निवडावा की त्याचं उत्तर मुलाला आधीपासून ठाऊक नाही, घरच्या साधनांनी महिनाभरात ते मिळू शकतं, आणि मिळवताना कोंबडीला कसलाही त्रास होत नाही. ही तिसरी अट मी सगळ्यांत वर ठेवीन. दाणापाणी तोडून, रात्रभर दिवा लावून किंवा औषधं पाजून ‘काय होतं ते बघू’ असले प्रयोग शाळकरी मुलांनी करूच नयेत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० पासून आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, उपाशी किंवा भेदरलेली कोंबडी नेहमीसारखी वागत नाही, आणि मग तिच्याकडून मिळालेलं उत्तरही भरवशाचं राहत नाही.

कोंबडी म्हटली की बहुतेकांना अंडी उबवण्याचा प्रकल्प सुचतो. तो सुंदर आहे यात शंका नाही. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की २१ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडं धरलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसतात, आणि तो देखावा मूल जन्मभर विसरत नाही. अडचण पुढे आहे. बल्बच्या खोक्यात उबवायचं तर तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास रात्रंदिवस राखावं लागतं, आणि वीज चार-सहा तास गेली तर आतले जीव मरू शकतात. पिल्लं निघाली तर त्यांतली साधारण निम्मी कोंबडे असतात. त्यांना ऊब, लस, जागा कोण देणार, हे अंडी ठेवण्याआधी ठरलेलं असावं लागतं. ज्या घरात पिल्लं वाढवण्याची सवय आहे त्यांनी तो जरूर करावा. बाकीच्यांसाठी याहून सोपा, कोंबडीला काहीच न करायला लावणारा आणि विज्ञानाच्या दृष्टीनं अधिक पक्का एक प्रश्न आहे: अंड्यावर आलेली कोंबडी शिंपल्याचे तुकडे दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त खाते?

या प्रश्नामागे एक सुरेख हिशेब आहे आणि तो मुलाला आधी नीट समजावा. अंड्याचं कवच म्हणजे शेकडा ९४-९५ भाग कॅल्शियम कार्बोनेट. शिंपलाही मुख्यतः त्याचाच बनलेला असतो. ५५-६० ग्रॅमच्या अंड्याचं कवच पाच-सहा ग्रॅम भरतं आणि त्यात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. गावरान अंडं लहान, त्यामुळे त्यात थोडं कमी. तरीही दीड-पावणेदोन किलोच्या पक्ष्यानं दिवसाआड एवढं कॅल्शियम अंगाबाहेर टाकायचं ही मोठी गोष्ट आहे. यासाठी कोंबडीच्या हाडांच्या पोकळीत एक खास प्रकारचं हाड तयार होतं. कवच घडताना लागेल तसं ते विरघळतं, आणि खाण्यातून कॅल्शियम मिळालं की पुन्हा भरून निघतं.

आता वेळेचा हिशेब. एक अंडं घातल्यावर साधारण अर्ध्या तासात पुढचा बलक अंडाशयातून सुटतो. अंडनलिकेच्या तोंडाशी तो पाव तास ते अर्धा तास असतो. पुढच्या भागात जवळजवळ तीन तास त्याच्यावर पांढरा बलक चढतो. मग तासाभराहून थोडा जास्त वेळ कवचाखालचे दोन पातळ पडदे बनतात. शेवटी ते अंडं कवच तयार होण्याच्या जागी येतं आणि तिथे वीसेक तास मुक्काम करतं. एकूण प्रवास पंचवीस-सव्वीस तासांचा. म्हणूनच कोंबडी रोज थोडी उशिरा अंडं घालत जाते आणि अधूनमधून एक दिवस खाडा करते. मुलाच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि विचारा: कोंबडीनं सकाळी नऊला अंडं घातलं, तर पुढच्या अंड्याला कवच चढायला कधी सुरुवात होईल? उत्तर दुपारी दोन-सव्वादोनच्या आसपास येतं. तिथून कवचाचं काम रात्रभर चालतं. रात्री कोंबडी काही खात नाही. म्हणजे रात्रीच्या कामाचा माल तिनं अंधार पडण्याआधी पोटात भरून ठेवायला हवा. शिंपल्याचा जाड तुकडा पोटात हळूहळू विरघळतो, त्यामुळे तो या कामाला चांगलाच.

इथून मुलाचा अंदाज आपोआप निघतो: दुपारनंतर शिंपला जास्त खाल्ला जाईल. हा अंदाज पहिल्या मोजणीच्या आधी, तारीख घालून, पेनानं वहीत लिहायचा. अंड्यांच्या कोंबड्यांवर झालेल्या अभ्यासांत अशी संध्याकाळची ओढ दिसलेली आहे. तुमच्या परसातल्या कोंबड्या काय करतात, हे मात्र मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि प्रकल्पाचा सगळा जीव त्या मोजण्यात आहे.

साहित्याकडे वळू. कोकणात तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपलं उरतातच. ती उकळून, स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवावीत. देशावर पोल्ट्रीच्या खाद्याच्या दुकानात शेलग्रिट म्हणून तयार माल मिळतो. घरची शिंपलं जाड गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडायची; हे काम मोठ्या माणसानं, डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर फडकं बांधून करावं. तुकडे ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा थोडे लहान ठेवा आणि भुकटी चाळून काढून टाका. भुकटी चोचीत येत नाही, वाऱ्यानं उडते आणि वजनाचा घोटाळा करते.

शिंपल्याच्या शेजारी दुसऱ्या वाटीत तेवढ्याच आकाराचे दगडाचे बारीक खडे ठेवायचे. प्रकल्पातली ही सगळ्यांत महत्त्वाची वाटी, आणि बहुतेक जण विसरतात तीच. कोंबडीला दात नाहीत. ती खडे गिळते आणि पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत त्या खड्यांनी दाणे भरडते. संध्याकाळी तिनं शिंपला जास्त खाल्ला तर तो कॅल्शियमसाठी की नुसता भरडायला खडा म्हणून, हे एका वाटीवरून सांगता येत नाही. दोन्ही वाट्या सारख्याच रिकाम्या झाल्या तर अर्थ एक. शिंपल्याची संध्याकाळी खाली गेली आणि खड्यांची जागच्या जागी राहिली, तर अर्थ अगदी वेगळा.

खडे मात्र पारखून घ्यावे लागतात. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात बांधकामाची खडी काळ्या पाषाणाची असते, तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट जवळजवळ नसतं. पण ओढ्याकाठचे पांढरट चुनखडीचे गोटे किंवा संगमरवराचा चुरा मिसळला तर तुलना बिघडली. यासाठी घरातली परीक्षा पुरते. एका बशीत शिंपल्याचे तुकडे, दुसऱ्या बशीत खडे आणि तिसऱ्या बशीत धुतलेलं अंड्याचं कवच ठेवा, आणि तिन्हींवर व्हिनेगरचे थेंब टाका. मुलाला अगदी नाक लावून बघायला सांगा. कवचावर आणि शिंपल्यावर बारीक बुडबुड्यांची रांग उठते, एक बुडबुडा सुटला की त्याच जागी दुसरा फुगतो, आणि कान जवळ नेला तर हलकी चरचरही ऐकू येते. काळ्या खड्यावर थेंब नुसता ओला डाग होऊन बसतो. त्या बुडबुड्यांत कार्बन डायऑक्साइड असतो. कवच आणि शिंपला एकाच मालाचे बनलेले आहेत, हे पुस्तकात वाचण्याऐवजी मुलानं या तीन बशांवरून स्वतः म्हणावं. याचे फोटो काढून ठेवा, तक्त्यावर कामी येतील.

वजनाला स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही. तो एक ग्रॅमपर्यंतच वजन दाखवतो, आणि इथे चार-पाच कोंबड्या मिळून एका वेळेला जेमतेम काही ग्रॅम शिंपला खातील. खरा फरक काट्याच्याच चुकीत बुडून जाईल. एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा खिशातला डिजिटल काटा घ्या. रोज मोजणीआधी तेच एक नाणं त्यावर ठेवून वजन लिहायचं. नाण्याचं वजन रोज तेवढंच भरलं तर काटा ठीक आहे. एखाद्या दिवशी बदललं तर बॅटरी बदला आणि वहीत तशी नोंद करा.

कोंबडी पायानं उकरते, हे तिच्या रक्तात आहे. नुसती वाटी ठेवली तर ती उलटी होणारच. लाकडाच्या फळीला दोन भोकं पाडून त्यांत स्टीलच्या हलक्या वाट्या बसवा, फळी खुराड्याच्या जाळीला तारेनं बांधा आणि उंची कोंबडीच्या पाठीएवढी ठेवा. म्हणजे पायाची माती आत जाणार नाही. फळीखाली ताट ठेवायचं. सांडलेले तुकडे त्या ताटातून वेचून, माती-विष्ठा झटकून वेगळे मोजायचे. हिशेब असा होतो: वाटीत सुरुवातीला ४०.० ग्रॅम, शेवटी ३५.२ ग्रॅम, ताटात सांडलेलं १.३ ग्रॅम, म्हणजे खाल्लं ३.५ ग्रॅम. सांडलेलं मोजलं नसतं तर ४.८ लिहिलं गेलं असतं. तिसरी एक साक्षीदार वाटी जाळीबाहेर, त्याच सावलीत, कोंबड्यांची चोच पोचणार नाही अशी ठेवा. तिचं वजन दिवसभरात बदललं तर दवानं किंवा दमट हवेनं बदललं, आणि तेवढी दुरुस्ती बाकीच्या आकड्यांत करता येते.

आता दिवसाची वाटणी. तिन्ही वेळा सारख्याच लांबीच्या हव्यात, नाहीतर जिथे तास जास्त तिथे खाणंही जास्त, एवढंच सिद्ध होईल. नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी सात ते साडेदहा, साडेदहा ते दोन आणि दोन ते साडेपाच असे साडेतीन तासांचे तीन भाग सोयीचे पडतात. सहाच्या सुमारास कोंबड्या निवाऱ्याला जातात. शिंपल्याची वाटी डावीकडे की उजवीकडे हे रोज बदला, म्हणजे एखादीला डाव्या बाजूची सवय असली तरी फरक पडणार नाही.

प्रकल्प बहुतेक वेळा इथेच अडतो: साडेदहा आणि दोन वाजता मूल शाळेत असतं. म्हणून बेत असा करा की दुपारच्या माणसाला काहीच मोजावं लागू नये. दिवसभराच्या सहाही वाट्या, तीन शिंपल्याच्या आणि तीन खड्यांच्या, मूल आदल्या रात्री भरून, मोजून, झाकून ठेवील. वाट्यांच्या बुडाला नेलपॉलिशच्या ठिपक्यांची खूण: एक ठिपका सकाळ, दोन दुपार, तीन संध्याकाळ. घरात असलेल्या आजीनं, आजोबांनी किंवा काकूनं ठरल्या वेळी फळीतल्या वाट्या काढून झाकायच्या, नवीन बसवायच्या आणि ताटातलं सांडलेलं त्याच खुणेच्या कागदी पुडीत भरायचं. वजनं सगळी मूल संध्याकाळी करील. आजीचं नाव प्रकल्पात सहाय्यक म्हणून लिहावं. वेळेवर वाटी बदलणारा माणूस हा प्रयोगाचा आधार असतो, आणि ते मुलानं मान्य करायला शिकावं.

कोंबड्यांमध्ये मान ठरलेला असतो, हे कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. कोण कुणाला टोचणार, आधी कोण खाणार, मागे कोण राहणार, हे पक्कं असतं. नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरुप-एब्बे यानं लहानपणी घरच्या कोंबड्या बघताना ही उतरंड हेरली, वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि १९२१ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासात ही कल्पना आज सगळीकडे वापरली जाते, आणि तिची सुरुवात परसातल्या कोंबड्यांकडे बघणाऱ्या एका मुलापासून झाली. मुलांना हे आवर्जून सांगावं. आपल्या प्रकल्पात याचा उपयोग असा: फळी एकच असली तर सगळ्यांत खालच्या मानाची कोंबडी दिवसभर तिच्यापासून हुसकली जाईल आणि इतर निवल्यावर संध्याकाळीच खाईल. मग संध्याकाळचा आकडा कॅल्शियममुळे वाढला की भांडणामुळे, हे कळणार नाही. पहिले काही दिवस लांबून बघा. एखादी सतत हाकलली जात असेल तर दुसऱ्या टोकाला आणखी एक फळी बांधा आणि दोन्हींचे आकडे एकत्र करा.

खाद्याची नोंद रोज हवी. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी, उरलेली भाकरी, जे काही दिलं ते. याचं महत्त्व पटवायला एक खरी हकीकत पुरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीचं कारण शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक पाय लुळे पडून आजारी झाल्या आणि काही काळानं तशाच अचानक बऱ्या झाल्या. चौकशीत निघालं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात मिळत होता. नवा आचारी आला, त्यानं तो भात द्यायला नकार दिला आणि कोंबड्या सुधारल्या. तांदळातून कोंड्याबरोबर जे निघून जातं त्यात आज आपण ब१ म्हणतो ते जीवनसत्त्व असतं. या वाटेवरच्या कामासाठी आइकमानला १९२९ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. कोंबड्यांना कधी काय खायला मिळालं ही साधी माहिती तिथे रोगाचा उलगडा करून गेली.

आपल्या प्रयोगात खाद्य आहे तेच ठेवा, मध्येच बदलू नका. सुकटीची डोकी, मासळीचे काटे, चुरलेली अंड्याची कवचं यांत भरपूर कॅल्शियम असतं. ती या तीन आठवड्यांत देऊ नका, आणि दिलीच गेली तर लिहा. अंड्यांच्या कोंबड्यांचं तयार खाद्य देत असाल तर त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम आधीच असतं, त्यामुळे वाटीतला शिंपला कमी खाल्ला जाईल. ते खाद्य प्रयोगासाठी बंद करू नये, फक्त नोंदवावं. शक्य असेल तर तिन्ही वेळी किती दाणा संपला तेही मोजा. झोपण्याआधी कोंबड्या पोट भरून घेतात, म्हणून संध्याकाळी सगळंच खाणं वाढतं. दाण्याच्या वाढीपेक्षा शिंपल्याची वाढ अधिक आहे का, हे दाखवता आलं तर प्रकल्प फार भक्कम होतो.

वेळापत्रक उलटं मांडायचं, प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे. प्रदर्शन डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात धरलं तर त्याआधीचा एक आठवडा आलेख आणि लिखाणाला, त्याआधी तीन आठवडे मोजणीला, त्याआधी एक आठवडा सरावाला आणि त्याआधी एक आठवडा साहित्य जमवायला. म्हणजे सुरुवात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दिवाळीची सुट्टी आसपास असेल तर सराव तिच्यातच उरकावा. सरावाचे आकडे हिशेबात धरायचे नाहीत, आणि हे आधीच वहीत लिहून ठेवायचं. नव्या वस्तूला काही कोंबड्या बिचकतात, तर ज्यांना बरेच दिवस कॅल्शियम कमी पडलेलं असतं त्या पहिल्या दिवसांत अधाशासारख्या खातात. दोन्ही गोष्टी नेहमीच्या नव्हेत.

एक धोका मात्र याच मोसमात असतो. पावसाळा संपून दिवस लहान होऊ लागले की वर्षाहून मोठ्या कोंबड्या पिसं गाळतात आणि अंडी थांबवतात. अंडी नसतील तर कवचाची गरज नाही, आणि आपल्या प्रश्नाला अर्थ उरत नाही. म्हणून ऑक्टोबरअखेर अंड्यांची नोंद सुरू करा. चार-सहा कोंबड्यांत निदान तीन अंड्यावर असाव्यात. पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तलंगा असतील तर उत्तम, त्या पहिल्या हिवाळ्यात बऱ्याचदा अंडी देत राहतात. एखादी खुडूक झाली तर तिला मोजणीच्या जागेतून वेगळं ठेवा, ती जवळजवळ काहीच खात नाही. कोंबडा कळपात असेल तर असू द्या. त्याला काढल्यानं गोंधळ वाढतो. वहीत तो आहे एवढं लिहा.

वही हाच खरा प्रकल्प आहे. तारीख, वेळ, आधीचं वजन, नंतरचं वजन, सांडलेलं, खाल्लेलं, अंडी किती आणि कधी, हवा कशी, कुणी आजारी आहे का, कुत्रा किंवा मुंगूस आलं होतं का. चुकलेला आकडा एका रेघेनं खोडायचा, खालचं वाचता आलं पाहिजे. खाडाखोड असलेली मळकी वही प्रदर्शनात टेबलावर ठेवायला लाजू नये. तिच्यावर माझा सुबक तक्त्यापेक्षा कितीतरी जास्त विश्वास बसतो.

तीन आठवड्यांनी २१ दिवसांचे आकडे हातात असतील. सरासरी काढाच, पण आधी एक साधी गोष्ट मोजा: किती दिवशी संध्याकाळची वाटी सर्वांत जास्त रिकामी झाली? वेळेचा काहीच संबंध नसता तर तिन्ही वेळांना सुमारे सात-सात दिवस मिळाले असते. समजा संध्याकाळला १६ दिवस मिळाले. हा योगायोग असू शकतो का? मुलाला फासा द्या. एक-दोन पडलं तर सकाळ, तीन-चार दुपार, पाच-सहा संध्याकाळ. २१ वेळा फासा टाकून संध्याकाळ किती वेळा आली ते लिहायचं, आणि हा खेळ पुन्हापुन्हा करायचा. नऊ अधूनमधून सहज येतील. सोळा बहुधा एकदाही येणार नाहीत. कोंबड्यांचा आकडा नऊ असेल तर ‘कदाचित’ म्हणायचं, सोळा असेल तर ठामपणे बोलायचं. एवढं कळलेलं मूल संख्याशास्त्राच्या दारात उभं आहे, आणि तिथे ते स्वतःच्या पायांनी पोचलेलं आहे. आलेखात नुसत्या सरासरीचे तीन खांब काढू नका. प्रत्येक दिवसाचा ठिपका दाखवा, म्हणजे आकडे किती विखुरले आहेत ते दिसतं.

आणि अंदाज खोटा ठरला तर? तसाच मांडायचा. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या गोगलगाई, किडे, भिंतीचा जुना चुना असं कायकाय खातात. त्यांना वाटीची गरजच भासली नसेल. मुलानं संभाव्य कारणं लिहावीत आणि आकड्यांना हात लावू नये. घरच्यांनीही ‘थोडं बदलून टाक’ असं कधी सुचवू नये.

स्वच्छतेच्या बाबतीत सैलपणा नको. कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरतात. खुराड्याची चप्पल वेगळी, काटा आणि वाट्या स्वयंपाकघराबाहेर, काम झालं की साबणानं हात धुणं. मानमोडीची लस प्रयोगाच्या बरीच आधी झालेली असावी. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर प्रकल्प तिथेच थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं आणि मेलेल्या पक्ष्याला मुलानं हात लावायचा नाही. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ च्या सुरुवातीला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शहरातल्या सदनिकेत कोंबड्या नसतात. तिथल्या मुलानं दुकानातली पांढरी आणि गावरान अंडी घेऊन, प्रत्येकाचं वजन करून, आमलेट झाल्यावर कवच धुऊन वाळवून त्याचं वजन काढावं, आणि अंड्याच्या वजनात कवचाचा वाटा किती ते तपासावं. तो साधारण दहा टक्क्यांच्या आसपास येतो. दोन प्रकारांत फरक पडतो का, हा प्रश्न पुरेसा चांगला आहे.

प्रदर्शनात जिवंत कोंबडी नेऊ नये. गोंगाटात आणि पिंजऱ्यात तिचे हाल होतात, रोगाची भीती वेगळीच. फळी, वाट्या, व्हिनेगरच्या तीन बशा, फोटो, आलेख आणि वही एवढं पुरतं. परीक्षक व्हिनेगरची परीक्षा समोर करून मागतील, ती मुलानं स्वतः करावी. ‘दगडाची वाटी कशासाठी?’ आणि ‘संध्याकाळी कोंबडी एरवीही जास्त खात नाही का?’ हे दोन प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं पाठ न करता वहीतलं पान उघडून आकड्यांवर बोट ठेवून द्यावीत. ‘पुढे काय करशील?’ असं विचारलं, तर हाच प्रयोग जूनमध्ये पुन्हा करायचं सांगता येईल. तेव्हा महाराष्ट्रात दिवस तेरा तासांहून मोठा असतो, अंडी जास्त मिळतात, आणि दिवसाचे तीन भाग नव्यानं आखावे लागतात. शिंपल्याची वाटी प्रकल्प संपल्यावरही खुराड्यात राहू द्यावी. कोंबड्यांना ती वर्षभर लागते.